पाळीवर सांगितलेला पगार

सावली,
१८ मे २०२४

डिंपल बेटी,

गफ्फारचाचाची दुआ. पत्र पाहून दचकू नको, इथी सगळे खुशाल आहेत. मनसारामभाऊ कालच दुकानात आले, दोन किलो जाळं घेतलं आणि भावासाठी अर्धा तास भांडले. म्हणजे तुह्या बापाची तब्येत ठणठणीत आहे असं समज.

तू म्हणशील, चाचाच्या खिशात फोन आहे, मंग हा कागद काऊन? एक तर आमचं घर दोन खोल्यांचं, आणि माह्या पोरीचे, शाजियाचे, कान माह्यासारखेच तिखट. दुसरं असं, का फोनवर माणूस ‘हो हो, सगळं चांगलं आहे’ म्हणून मोकळा होते. लिहाले बसला का हात थांबते. मले तुहा थांबून लिहिलेला जबाब पाहिजे.

गोष्ट अशी. आपली शाजिया बारावीत सत्त्याऐंशी टक्क्यांनी पास झाली आणि तिले तुह्याच पुण्याच्या कॉलेजात जागा मिळाली. तोच बी.ए., इतिहास, समाज, भाषा, सगळं मिळून शिकवतात तो. मी खुशीत अख्ख्या बाजारलाईनीत पेढे वाटले. मंग फीचा कागद आला. तीन वर्षांचे, राहणं-खाणं धरून, चौदा लाख. एवढ्या कर्जाले बँक घर गहाण मागते. घर जाहिदाच्या नावानं आहे, तिच्या वडलांनी दिलेलं. आणि जाहिदा सही करत नाई.

तिचं म्हणणं साधं आहे. “नर्स झाली तर सुई देईन. वकील झाली तर कोर्टात जाईन. हे शिकून पोट्टी सकाळी उठून करीन काय?” पंचवीस वर्षं मी जाळ्यांचं दुकान चालवलं. सायकलवर दोर विकण्यापासून सुरू केलं, गिऱ्हाइकाले जबाब देता आला नाई असं कधी झालं नाई. पण बायकोले जबाब देता नाई आला.

म्हणून तुले विचारतो. मागच्या उन्हाळ्यात मासेमारांच्या सोसायटीनं तलावात जाळं ओढलं, तवा पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, ज्याच्या-त्याच्या हिश्शाची मासोळी तोलून सेक्रेटरी मोठ्यानं पुकारत होता. मनसारामभाऊचे एकोणीस किलो पुकारले, तर भाऊ म्हणाले, “आणि लिहून घ्या, माह्या डिंपलचे महिन्याचे पंचावन्न हजार.” सगळे हसले, पण तवापासून तो आकडा साऱ्या सावलीले पाठ आहे.

तर बेटी, सांग. हातात किती येतात? हप्ता किती जाते? मागे काय उरते? आणि काम कोणतं? तुहं पत्र मी जाहिदाले वाचून दाखवणार आहे. ती त्यावरच ठरवीन. तुहा पुण्याचा पत्ता भाऊकडून घेतला, पण काऊन पाहिजे ते त्याले सांगतलं नाई.

तुझा,
गफ्फारचाचा


पुणे,
२९ मे २०२४

आदरणीय गफ्फारचाचा,

सप्रेम नमस्कार. आपले पत्र मिळाले. शाजियाच्या यशाबद्दल तिचे मनापासून अभिनंदन. उत्तराला उशीर झाला, कामाचा ताण होता.

आपल्या प्रश्नांची उत्तरे देते. मी एका संस्थेत संशोधन आणि लेखनाचे काम करते. पगार बाबांनी सांगितला तेवढा आहे. कर्जाचा हप्ता चौदा हजार चारशे रुपये जातो आणि तो वेळेवर भरला जातो. उरलेल्या पैशांत माझे व्यवस्थित भागते. घरी दरमहा तीन हजार पाठवते, ते आपल्याला ठाऊक असेलच.

कॉलेज चांगले आहे. ग्रंथालय रात्री अकरापर्यंत उघडे असते. शिक्षक विद्यार्थ्यांचे ऐकून घेतात. पहिल्याच वर्षी एका बाईंनी मला विचारले होते, की तुमच्या गावचा तलाव कोणाचा? सरकारचा, सोसायटीचा, की ज्यांनी खोदला त्यांचा? मी त्यावर चाळीस पानांचा निबंध लिहिला. बाबा ज्यात कमरेएवढे उभे राहतात, त्या पाण्याबद्दल वर्गात बोलता येते, हे मला तोवर माहीत नव्हते.

निर्णय अर्थातच आपण सर्वांनी विचार करून घ्यावा. जाहिदाचाचींना नमस्कार. या पत्राबद्दल बाबांशी बोलला नाहीत तर बरे होईल.

आपली,
डिंपल


सावली,
६ जून २०२४

डिंपल बेटी,

शाब्बास. तुह्या पत्रानं काम केलं.

सोमवारी जेवणाआधी जाहिदाले वाचून दाखवलं. पगाराच्या ओळीवर तिनं पोळी लाटणं थांबवलं. म्हणाली, “परत वाचा.” परत वाचलं. मंग तलावाचा भाग वाचला, तर तिच्या डोळ्यांत पाणी. म्हणते, “मनसारामभाऊची पोट्टी एवढं लिहाले लागली?” दोन दिवसांनी स्वतःच म्हणाली, “कागद कधी करायचे आहेत?”

चोवीस तारखेले, सोमवारी, बँकेत बोलावलं आहे. त्या दिवशी तिची सही झाली का घराचे कागद बँकेत जातात आणि दहा जुलैच्या आत पहिली फी भरली जाते. शाजियानं आतापासूनच बॅगेत काय न्यायचं त्याची यादी केली आहे. तीन वेळा फाडून चौथ्यांदा लिहिली.

जाहिदानं एक विचाराले सांगतलं आहे, ते लिहितो. ती म्हणते, डिंपलले सख्खी लहान बहीण असती आणि घर आईच्या नावानं असतं, तर तिनं आईले काय सांगतलं असतं? “सही कर” का “नको करू”? तुहा जबाब ‘सही कर’च असणार, पण बाईमाणूस आहे, एकदा ऐकलं का तिची खात्री होईन.

तुझा,
गफ्फारचाचा


मोहर्ली,
१२ जून २०२४

गफ्फारचाचा,

या पाकिटावर चंद्रपूरचा शिक्का दिसेल. मागचं पत्रही मी इथूनच लिहिलं होतं. पुण्याला माझी जुनी मैत्रीण निशा राहते. तुमचं पत्र तिनं फोनवर फोटो काढून मला पाठवलं, माझं उत्तर मी तिला पाठवलं आणि तिनं ते पुण्याच्या पेटीत टाकलं. उशीर कामानं नाही, यानं झाला.

चाचींना सांगा, सही करू नका. बहीण असती तर मी हेच सांगितलं असतं.

मी मोहर्लीला, वाघाच्या जंगलाच्या गेटजवळच्या एका रिसॉर्टमध्ये काउंटरवर आहे. मागच्या ऑक्टोबरपासून. सावलीपासून चार तासांवर, आणि बाबांना वाटतं मी पुण्यात आहे. पगार साडेएकोणीस हजार, खोली आणि जेवण त्यांचं. पावसाळ्यात गेट बंद झालं की तीन महिने अर्धाच पगार. हप्ता चौदा हजार चारशे, तो मात्र खरा सांगितला होता. अजून चौदा वर्षं आहे. मी तेव्हा अडतीस वर्षांची असेन. घरी तीन हजार पाठवते, ते पंचावन्नावर कोणाला शंका येऊ नये म्हणून. बाबांनी त्यातला रुपयाही खर्च केला नाही, माझ्या लग्नासाठी ठेवतात असं आई म्हणाली. ते ऐकून मी फोन ठेवला.

पंचावन्न हजार कुठून आले ते सांगते. पदवी मिळाली त्या दिवशी बाबांनी फोनवर विचारलं, “पगार किती म्हणतात?” माझ्याकडे नोकरीच नव्हती. समोर कॉलेजची पुस्तिका होती. तिच्यात सरासरी पगार छापलेला होता, तो मी माझा म्हणून सांगितला. वाटलं, दोन-तीन महिन्यांत तेवढा मिळेलच. सगळ्यांना मिळतो, तीच तर सरासरी.

चाचा, ती कशी निघते हे मला नंतर कळलं. कॉलेज एक फॉर्म पाठवतं, तुमचा पगार भरा म्हणून. आमच्या नव्वद जणांत ज्यांना सांगायला लाज वाटत नव्हती त्यांनी तो भरला. मी नाही भरला. माझ्यासारख्या किती जणी असतील देव जाणे. आम्ही गप्प बसलो आणि आकडा वर गेला.

ज्यांना चांगल्या नोकऱ्या लागल्या ते हुशार होतेच. पण त्यांची घरं पुण्या-मुंबईत होती. सहा महिने, आठ महिने ते फुकट काम करत राहिले, आईच्या हातचं जेवले, आणि हवी ती जागा रिकामी झाली तेव्हा दारात उभे होते. मलाही दिल्लीहून एका अभ्यास केंद्राचं बोलावणं आलं होतं. चोवीस हजार, आणि दोन वर्षांत वाढले असते. काम माझ्या आवडीचं. पण तोवर हप्ता सुरू झाला होता, आणि हप्ता भरून उरलेल्या नऊ-दहा हजारांत दिल्लीत खोली घेऊ का जेवू? मी कागदावर मांडून पाहिलं. मोहर्लीत कमी पगारात जास्त उरत होतं. म्हणून इथे आले. कर्ज नसतं तर मी थांबले असते. कर्ज असलं का थांबता येत नाही, आणि न थांबणाऱ्याला मिळेल ते घ्यावं लागतं. हे पुस्तिकेत कुठे नाही.

शिक्षण वाईट नव्हतं. तलावाचं जे लिहिलं ते खरं होतं, त्या पत्रातलं तेवढंच खरं होतं.

मार्चमध्ये माझ्या वर्गातली रीता मैत्रिणींना घेऊन वाघ पाहायला आली. तिला पाहून मी छातीवरची नावाची पट्टी खिशात टाकली. थंड रुमाल आणि सरबताचा ट्रे घेऊन समोर गेले. तिनं ओळखलं, गळ्यात पडली. म्हणाली, “तू इथली मॅनेजर आहेस ना?” मी हो म्हटलं. निघताना तिनं बक्षिसाच्या पेटीत पाचशेची नोट टाकली, वेगळ्या पाकिटात, वर माझं नाव लिहून. म्हणजे तिला कळलं होतं. ते पाचशे मी घेतले.

एवढं सगळं बाबांना तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही झाली. तुम्ही भोळेपणानं माझ्यावर विश्वास ठेवला आणि चाचींना वाचून दाखवलं. तुमचं घर माझ्या खोट्यावर जाऊन राह्यलं होतं, आणि मी दोन रात्री तुमच्या पत्राचा फोटो असलेला फोन उशीखाली घेऊन झोपत होते. मले माफ करा.

डिंपल


मोहर्ली,
१९ जून २०२४

गफ्फारचाचा,

बारा तारखेच्या पत्राचा जबाब आला नाही. मिळालं नसेल असं दोन दिवस समजत होते. पण इथून सावलीला पत्राला तीन दिवस लागतात, आणि आता आठवडा झाला.

काल मंगळवार. मंगळवारी जंगलाचं गेट बंद असतं, म्हणून मी घरी गेले. बाबांना सांगितलं. ते अंगणात फाटकं जाळं गुंफत होते. हात न थांबवता सगळं ऐकलं. मग म्हणाले, “मंग हे पंचावन्न कोनाचे होते?”

मी म्हटलं, “कोणाचेच नव्हते, बाबा. छापलेले होते.”

त्यांनी सुई खाली ठेवली. आई म्हणाली, पोट्टी उपाशी आली असंन, तिले खाऊ तर द्या. बाबा उठून गेले ते मी बसमध्ये बसेपर्यंत घरी आले नाहीत. मला आवडते म्हणून आईनं मरळ मासोळी केली होती. मी आणि आईच जेवलो.

चाचा, माझं जे व्हायचं ते झालं. सोमवारी चाचींची सही आहे. रविवारी सकाळपर्यंत तुमचा जबाब किंवा फोनवर निरोप आला नाही, तर मी चाचींनाच फोन करणार. राग माना, पण करणार.

डिंपल


सावली,
२५ जून २०२४

डिंपल बेटी,

शनिवारी रात्री मी फोनवर ‘जाहिदाले सांगितलं’ एवढं लिहून धाडलं, त्यावर तू फोन केला नाई ते बरं केलं. गरज पडली नाई. सही झाली नाई. घराचे कागद पेटीत होते तिथीच आहेत.

आता माझं ऐक. तुहं बारा तारखेचं पत्र मले पंधराले मिळालं. सात दिवस ते गल्ल्यात, सुट्ट्या पैशांच्या खणाखाली होतं. ईद तोंडावर होती, हे निमित्त मिळालं. ईद झाली तरी ते तिथीच होतं. तू मले त्यात भोळा म्हटलं. ते वाक्य मी वाचलं आणि कागदाची घडी केली. पुढचं दुसऱ्या दिवशी वाचलं.

बेटी, मले माहीत होतं.

तू मोहर्लीत आहे हे नव्हतं माहीत. पण पंचावन्न हजार खोटे आहेत हे तुले पहिलं पत्र लिहायच्या आधीच माहीत होतं. शाजियानं कॉलेजची पुस्तिका दाखवली होती. त्यात लिहिलं होतं, सरासरी सालाना सहा लाख साठ हजार. दुकानदाराची आदत, मी बारानं भागलं. पंचावन्न हजार. एक रुपया कमी नाई, एक जास्त नाई. कोण्या माणसाचा खरा पगार असा निघते? त्याच मिनिटाले मी समजलो का पोट्टीनं पुस्तिकेतून उचलून बापाले दिला.

मंग तुले काऊन विचारलं? तर मले कागद पाहिजे होता. जाहिदा माह्या तोंडाच्या शब्दावर सही करणार नव्हती. तुह्या अक्षरावर करणार होती. मले माहीत होतं का बापानं साऱ्या गावासमोर सांगितलेला आकडा तू कमी करून लिहिणार नाई. माणूस कुठी अडते हे ओळखून मी पंचवीस वर्षं धंदा केला. वजन वाढावं म्हणून गिऱ्हाइकाले ओलं जाळं तोलून मी कधी दिलं नाई, साऱ्या बाजारात तशी साख आहे. बायकोले दिलं. तेही तुह्या हातानं.

कशासाठी, तर माह्या हौसेसाठी. मी पेढे वाटून बसलो होतो. जाळेवाल्याची पोट्टी पुण्याले गेली, हे मले चहाच्या टपरीवर ऐकायचं होतं. तू बापापुढं लाजून खोटं बोलली. मी तर हिशेब करून बोललो.

शनिवारी तुहं दुसरं पत्र आलं. रविवारी तू फोन करणार, हे त्यात नसतं तर मी काय केलं असतं, मले नाई माहीत. सांगितलं असतं, असं छातीवर हात ठेवून म्हणता येत नाई.

त्याच शनिवारी दुपारी जाहिदा डबा घेऊन दुकानात आली, सोबत शाजिया. मी गल्ल्यातून पत्र काढून हातात दिलं. जाहिदा चौथी शिकलेली, पण वाचते माह्यापेक्षा बरं. दोराच्या बंडलावर बसून तिनं पूर्ण वाचलं. शाजिया मागं उभी राहून वाचत होती.

“हे कधी आलं?”

“पंधराले.”

“म्हणजे ईदले माह्या भावासमोर तुम्ही फुशारकी मारून राह्यले होते, तवा हे गल्ल्यात होतं?”

“हो.”

तिनं कागद नीट घडी केला. म्हणाली, “आणि पहिलं? ते तुम्हाले खरं वाटलं होतं का?”

तिथी मी खोटं बोलू शकलो असतो. कोणाले कळलंही नसतं, आणि तू तर मले भोळाच समजत होती. मी बाराचा भागाकार सांगून टाकला. एक गिऱ्हाईक आलं होतं, त्याले वाटलं चाचा आज भाव करत नाई, आणि तो तसाच गेला.

जाहिदा पोरीकडे वळली. शाजियाले म्हणाली, “एकोणीस हजार पगार धर. चौदा वर्षं हप्ता धर. आता सांग, जायचं आहे का तुले? हो म्हटलं तर मी सही करतो.”

महिनाभर मी जिले फसवून सही घेऊन राह्यलो होतो, ती खरं कळल्यावर स्वतःहून द्याले तयार होती.

शाजिया म्हणाली, “सोमवारी सांगतो.” मंग माह्याकडे न पाहता म्हणाली, “अब्बू, मले तिथले विषय पाहिजे होते. पगाराचं पान तर तुम्हीच दुमडून ठेवलं होतं.”

सोमवारी सकाळी तिनं सांगितलं, यंदा नाई. चंद्रपूरले बी.ए. करीन, इतिहास घेईन, सोबत वजिफ्याच्या, म्हणजे स्कॉलरशिपच्या, परीक्षा देईन. पूर्ण फी माफ झाली तर पुढं जाईन, नाई तर नाई. सामानाची यादी तिनं फाडली नाई, वहीत ठेवून दिली. तिले तुह्याशी बोलायचं आहे. तो तलावाचा निबंध पाहिजे म्हणते. मंगळवारी गेट बंद असते, तवा मोहर्लीले येईन. येऊ देशील ना?

मनसारामभाऊ काल दुकानात आले होते. तुहं नाव नाई काढलं, मीही नाई. जाताना एवढंच विचारलं, “गफ्फार, मोहर्लीची पहिली बस किती वाजता आहे?” मी सांगितलं. पुढचं तुमचं तुम्ही पाहा.

शाजियानं नाई म्हटलं तवा मले हलकं वाटलं, बेटी. घर वाचलं म्हणून. आणि हलकं वाटलं याचीच मले जास्त लाज वाटली, कारण तिचा चेहरा मी पाहत होतो.

आज चंद्रपूरच्या कॉलेजच्या फॉर्मचे चारशे रुपये भरायचे होते. ती दुकानात आली तवा मी विचारायच्या आधीच गल्ला उघडून नोटा काढल्या. ती म्हणाली, “राहू द्या अब्बू, अम्मीनं दिले.” रागानं नाई म्हणाली. रागानं म्हणाली असती, तर मी काहीतरी बोललो असतो.

तुझा,
गफ्फारचाचा